मोठा बॅजर ब्रश पहिल्यांदा वापरताना: आधी साबण, मग पाणी

दाढीच्या 22 मिलिमीटरच्या ब्रशला सरावलेला हात 28 किंवा 30 मिलिमीटरच्या बॅजरकडे, म्हणजे बॅजर या प्राण्याच्या केसांच्या ब्रशाकडे, वळला की तक्रारी ठरलेल्या असतात. फेस होतो, पण ब्रशाच्या पोटातच राहतो. गालावर येतो तो पातळ आणि बुडबुड्यांचा, रेझरच्या दुसऱ्या हातापर्यंत सुकून जाणारा. मनगटावरून पाणी कोपरापर्यंत ओघळतं. थोड्याच दिवसांत ब्रश कपाटात जातो आणि मोठे ब्रश नुसते शोभेचे असतात असं मत कायमचं होऊन बसतं. यात ब्रशाचा दोष क्वचितच असतो. लहान ब्रशाची कृती जशीच्या तशी मोठ्या ब्रशाला लावली की हेच होतं.

कारण गणिताचं आहे. झुपक्याचा व्यास 22 वरून 28 झाला तर वाढ 6 मिलिमीटरची दिसते. पण केसांनी व्यापलेली जागा व्यासाच्या वर्गाने वाढते. 22 चा वर्ग 484, 28 चा 784. म्हणजे दाटी तीच धरली तर साधारण 60 टक्के जास्त केस, आणि त्याच प्रमाणात जास्त पाणी व साबण सामावणारी जागा. बॅजरच्या झुपक्यात पाणी मुळातच भरपूर राहतं. साबण मात्र आपण सवयीने जुन्याच मापाने घेतो. मग ब्रशात पाणी दीडपट आणि साबण पूर्वीइतकाच, अशी अवस्था होते.

पुढची कृती 26 ते 30 मिलिमीटरच्या बॅजर ब्रशासाठी आहे. वडीचा साबण आणि क्रीम, दोन्हींना ती चालते. टप्प्यांचा क्रम मात्र मोडू नका, विशेषतः 5, 6 आणि 7 यांचा.

आणखी एक गोष्ट खरेदीआधीच ठरवावी. बॅजरचे केस प्राण्याचे असतात आणि बाजारातला बहुतेक माल चीनमधून येतो. ज्यांना हे नको असेल त्यांनी मोठ्या मापाचा सिंथेटिक ब्रश बिनधास्त घ्यावा, आजचे सिंथेटिक झुपके खरोखर चांगले आहेत. त्यांना भिजवावं लागत नाही, बाकी साबण आणि पाण्याची शिस्त तीच.

खरेदीआधी पाहायचे दोन आकडे

विक्रेता दोन मापं देतो. 'नॉट' म्हणजे झुपक्याचा मुळाशी मोजलेला व्यास, आणि 'लॉफ्ट' म्हणजे मुठीच्या वर दिसणारी केसांची उंची. बहुतेक लोक फक्त पहिला आकडा पाहतात. ब्रश हाताला कसा लागेल हे दोन्ही आकडे आणि केसांची दाटी मिळून ठरवतात. 28 चा नॉट आणि 50 चा लॉफ्ट असलेला दाट ब्रश ताठ असतो, चेहऱ्यावर जोर धरतो, पण फेस सहजासहजी सोडत नाही. तोच 28 चा नॉट 60 च्या लॉफ्टवर मऊ आणि लवचिक होतो, फेस भराभर सोडतो, पण कडक वडीवर साबण उचलताना ढेपाळतो. सिम्पसन या ब्रश उत्पादकाच्या 'चबी' मालिकेतले ब्रश पहिल्या प्रकारातले, आखूड आणि खूप दाट. ते उत्तम असतात, पण पहिला मोठा ब्रश म्हणून मी कुणाला सुचवणार नाही.

पहिल्या वेळेसाठी 26 चा नॉट, 52 ते 55 चा लॉफ्ट आणि मध्यम दाटी घ्या. प्युअर, बेस्ट, सुपर, सिल्व्हरटिप ही केसांच्या दर्जाची नावं सगळ्या उत्पादकांकडे एकाच अर्थाने वापरली जात नाहीत. एकाचा 'बेस्ट' दुसऱ्याच्या 'सुपर'पेक्षा मऊ निघू शकतो. नावापेक्षा मापांवर आणि ब्रश परत घेण्याच्या अटींवर भर द्या.

टप्पा 1: ब्रश कोरडा असतानाच तपासा

पार्सल उघडलं की ब्रश थेट पाण्यात घालू नका. ओला केलेला ब्रश बहुतेक विक्रेते परत घेत नाहीत.

मोजपट्टीने झुपक्याचा व्यास अगदी मुळाशी, केस मुठीत शिरतात तिथे मोजा. एखादा मिलिमीटर इकडेतिकडे चालतो. मग झुपका मुळाशी चिमटीत धरून हलकेच हलवून पाहा. तो मुठीत डुगडुगत असेल तर डिंक नीट बसलेला नाही. वरून पाहताना झुपका मुठीच्या मधोमध आहे का, केसांत कुठे फट आहे का, हेही बघा. शेवटी टोकं तळहातावर आणि मग गालावर टेकवा. टोचणं आणि खरखर यांत फरक आहे. थोडी खरखर चालते, ती खुंटांवर उपयोगीच पडते. सुया टोचल्यासारखं वाटत असेल तर तो केस पुढेही फारसा मऊ होणार नाही.

तपासणी: बोटांनी केस चार-पाच वेळा विंचरा. दोन-चार सुटे केस निघतात. झुपकेच्या झुपके हातात आले तर ब्रश तसाच परत पाठवा.

टप्पा 2: पहिली धुलाई

नव्या बॅजरला प्राण्याचा वास असतो. काहींना तो ओल्या घोंगडीचा वाटतो, काहींना नकोसा. कोमट पाण्यात ब्रश ओला करा, तळहातावर साध्या शाम्पूचे चार थेंब घ्या आणि टोकांनी हळूहळू फेस करत तो मुळापर्यंत जिरवा. मोठ्या झुपक्यात शाम्पू गाभ्यापर्यंत पोचायला वेळ लागतो, म्हणून मुळाशी मूठ आवळून सोडायचं काम पाच-सहा वेळा करा. मग स्वच्छ पाण्यात बुडवून पिळा, पाणी निवळ येईपर्यंत. शेवटी झटकून पूर्ण एक दिवस वाळू द्या.

वास उरला तर दाढीच्या साबणाचा दाट फेस ब्रशात करून दोन-तीन तास तसाच ठेवा आणि मग धुवा. रोजच्या वापराने वास जातोच. सुगंधी तेल, अत्तर वगैरे ओतू नका, तेलाने फेस मारला जातो.

इशारा: उकळतं किंवा वाफाळतं पाणी ब्रशाला कधीच लावू नका. केस ठिसूळ होतात आणि मुळाशी असलेला डिंक सैल पडतो. बोटं आरामात बुडवता येतील इतकंच गरम पाणी घ्या.

इशारा: दोन-तीन धुलायांनंतरही पाण्याला काळसर रंग येत राहिला तर शंका घ्या. डुकराचे केस रंगवून त्यांवर बॅजरसारखे पट्टे काढलेले ब्रश स्वस्तात विकले जातात.

टप्पा 3: भांडं, साबण आणि पाणी जुळवा

मोठ्या ब्रशाची निम्मी फजिती लहान भांड्यामुळे होते. 28 चा झुपका ओला होऊन फुलला की वरचा घेर मुळापेक्षा दीडपट-दुपटीने पसरतो. असा ब्रश आमटीच्या वाटीत फिरवायला जागाच उरत नाही. केस कडेला घासत राहतात, हवा मिसळत नाही, फेस बाहेर सांडतो. आतून किमान 12 सेंटिमीटर रुंद आणि खोलगट भांडं हवं. घरातला सिरॅमिकचा सूपचा बाऊल चालतो. स्टीलचं हलकं भांडं ओट्यावर फिरत राहतं, त्याखाली ओलं फडकं घाला.

साबणाच्या डबीचंही तेच. डबीचं तोंड झुपक्याच्या घेरापेक्षा अरुंद असेल तर टोकांना साबण लागतच नाही, फक्त बाहेरचे केस कडेवर घासले जातात. मऊ साबण असेल, उदाहरणार्थ इटलीचा चेल्ला, तर सुपारीएवढा गोळा काढून बाऊलच्या तळाशी बोटाने पसरवा. कडक वडी किसून किंवा कापून एखाद्या रुंद पसरट डब्यात दाबून बसवता येते. तुर्कस्तानच्या आर्कोची कांडी अशी दाबून बसवणारे पुष्कळ आहेत. ट्यूबमधलं क्रीम लहान ब्रशासाठी बदामाएवढं घेत असाल तर इथे दोन बदामांएवढं घ्या. दाबून फेस काढायच्या कॅनचा या ब्रशाशी संबंध नाही.

आता पाणी. मुंबईत महापालिकेचं तलावांतून येणारं पाणी साबणाला सोपं जातं. पण महाराष्ट्राच्या मोठ्या भागात बोअरचं किंवा टँकरचं पाणी येतं, आणि ते बहुधा जड असतं. जड पाण्यातलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम साबणाशी जुळून न विरघळणारा राखट साका तयार करतात. जेवढा साबण त्यात गेला तेवढा फेसाला कमी पडला. लहान ब्रशाने हे कसंबसं निभतं. मोठा ब्रश पाणी जास्त पितो, म्हणून साकाही जास्त होतो आणि तो मुळाशी साचतो.

तपासणी: एका बाटलीत नळाचं पाणी आणि दुसरीत आरओचं पाणी अर्धं-अर्धं भरा. दोन्हींत दाढीच्या साबणाचा सारखाच लहान तुकडा किसून घाला आणि जोरात हलवा. नळाच्या बाटलीत फेस कमी आणि पाणी गढूळ दिसलं तर तुमचं पाणी जड आहे. अशा घरात ब्रश भिजवायला आणि फेस करायला पेलाभर आरओचं पाणी घ्या. आरओ नसेल तर उकळून थंड केलेलं आणि वरून निवळून घेतलेलं पाणी घ्या. उकळल्याने जडपणाचा एक भाग तळाशी बसतो. चेहरा धुवायला नळाचं पाणी चालेल.

टप्पा 4: दाढी न करता सरावाचा फेस

हा टप्पा जवळजवळ सगळे गाळतात. सकाळी ऑफिसची घाई, चेहऱ्यावर खुंट, हातात अनोळखी ब्रश, अशा वेळी साबण किती लागतो हे शांतपणे पाहणं शक्य नसतं. म्हणून पहिल्या दोन वेळा संध्याकाळी, रेझर हातात न घेता, फक्त फेस करा. खालचे 5, 6 आणि 7 हे टप्पे पार पाडा, फेस हातावर लावून पाहा आणि ब्रश धुऊन टाका. थोडा साबण वाया जाईल, पण ब्रश किती साबण मागतो ते कळेल. नव्या केसांचा तेलकटपणाही यातच निघून जातो. सुरुवातीचे काही फेस तसेही कमीच उठतात.

टप्पा 5: भिजवा, मग पाणी काढा

कोमट पाण्याच्या मगात ब्रश दोन ते तीन मिनिटं ठेवा. पाणी केसांच्या मुळापर्यंत असावं, मुठीचा डिंकाचा भाग बुडू नये. लाकडी मूठ असेल तर जास्तच काळजी घ्या. तेवढ्या वेळात कडक वडीवर चमचाभर कोमट पाणी घालून ठेवा आणि चेहरा धुऊन घ्या. बॅजरला यापेक्षा जास्त भिजवून काही मिळत नाही. डुकराच्या केसांच्या ब्रशाला जास्त वेळ लागतो, ती सवय इथे आणू नका.

आता पाणी काढा. ब्रश उचलून टोकं खाली करा आणि पाणी गळू द्या. मग केस मुळाशी मुठीत घेऊन हलकेच आवळा, आणि सिंकमध्ये खालच्या दिशेने दोनदा झटका. मोठ्या झुपक्याच्या बाबतीत नुसत्या झटकण्यावर विसंबू नका. बाहेरचे केस निथळलेले दिसतात आणि गाभ्यात पाणी तसंच असतं. साबणावर दोन फेरे मारले की ते एकदम खाली येतं, आणि वडीवर पातळ साबणपाण्याचं तळं होतं.

तपासणी: टोकं खाली करून ब्रश स्थिर धरा. दहा सेकंदांत आपोआप थेंब पडता कामा नये. पडला तर पुन्हा आवळा. वडीवरचं पाणीही ओतून टाका.

टप्पा 6: साबण चढवा

सगळ्यात जास्त वेळ या टप्प्याला द्या. इथे कमी पडलेला साबण पुढे कितीही घुसळलं तरी भरून निघत नाही.

ब्रश मुठीच्या वरच्या टोकाला पेनासारखा धरू नका. अंगठा आणि दोन बोटं मूठ आणि केस जिथे मिळतात तिथे आणा, म्हणजे दाब हातात राहतो. टोकं साबणावर टेकवा आणि लहान गोल फेरे घ्या. दाब इतकाच की केस वरच्या एक ते दीड सेंटिमीटरमध्ये वाकतील. तळापासून पसरले तर दाब जास्त झाला. काही फेरे उजवीकडे, काही डावीकडे घ्या, म्हणजे केसांना एकाच बाजूचा पीळ बसत नाही.

पहिले दहा सेकंद मोठे बुडबुडे दिसतील. ते पाहून थांबणारे बरेच जण असतात, आणि त्यांचाच फेस गालावर पोचेपर्यंत विरतो. फिरवत राहा. बुडबुडे बारीक होतील, मग नाहीसे होतील आणि त्यांच्या जागी चिकट, दाट लेप दिसेल. ब्रश साबणावर थोडा ओढला जातोय असं हाताला जाणवेल, आवाजही बदलेल. कडक वडीवर 28 च्या ब्रशाला तीस ते पंचेचाळीस सेकंद सहज लागतात. मऊ साबणावर त्याच्या निम्मे. घड्याळाकडे बघू नका, लेपाकडे बघा. केसांच्या उंचीच्या वरच्या एक तृतीयांश भागात लेप चढला पाहिजे.

लेप होण्याऐवजी ब्रश कोरडा खरडला जात असेल तर फक्त टोकं पाण्याला लावा आणि पुन्हा सुरू करा. उलट, वडीवरून पातळ फेस बाहेर वाहत असेल तर थांबा. वाहणारा फेस भांड्यात काढून ठेवा, ब्रश एकदा आवळा आणि पुन्हा फिरवा.

क्रीम वापरणाऱ्यांनी ते झुपक्याच्या मधोमध ठेवू नये. मोठ्या दाट ब्रशात ते सरळ गाभ्यात ढकललं जातं आणि कडेचे केस कोरडे राहतात. बाऊलच्या तळाशी बोटाने पातळ पसरवा आणि ब्रशाने गोळा करा.

तपासणी: ब्रश उलटा धरून टोकांवर बोट फिरवा. बोटावर दाट लेप राहिला, बोट निसटलं नाही, तर साबण पुरेसा आहे. बोटावर नुसतं साबणपाणी आलं तर आणखी पंधरा सेकंद वडीवर जा.

टप्पा 7: थोडं थोडं पाणी

साबण चढलेला ब्रश रिकाम्या बाऊलमध्ये घ्या आणि पाणी न घालता अर्धा मिनिट फिरवा. गाभ्यात उरलेलं पाणी इथे बाहेर येतं. फेस घट्ट आणि निस्तेज दिसेल, आत्ता तो तसाच असायला हवा.

आता अर्धा चहाचा चमचा पाणी बाऊलमध्ये घाला आणि पंधरा-वीस सेकंद फिरवा. पुन्हा अर्धा चमचा, पुन्हा फिरवणं. ब्रश नळाखाली धरणं ही या टप्प्यातली सगळ्यात महाग चूक. एका क्षणात चमचाभर पाणी गाभ्यात जातं आणि ते परत काढता येत नाही. किती वेळा पाणी घालायचं ते साबणावर अवलंबून आहे, पण मोठ्या ब्रशाला चार ते सहा वेळा लागणं नेहमीचं आहे. साबण जास्त आहे म्हणून पाणीही जास्त लागतं, फक्त ते सावकाश द्यायचं.

गोल फिरवण्याबरोबर अधूनमधून ब्रश वर-खाली हलकेच दाबा-सोडा. मोठ्या झुपक्याच्या पोटातला फेस बाहेर काढून ताज्या पाण्यात मिसळायला याचीच मदत होते. नुसतं गोल फिरवलं तर बाहेरचा फेस पातळ आणि आतला कोरडा अशी दोन थरांची अवस्था होते. चेहऱ्यावर पहिला हात चांगला जातो, दुसऱ्याला एकदम कोरडा लगदा बाहेर येतो.

फेस झाला हे तीन गोष्टींवरून कळतं. त्यावर चमक येते. उघड्या डोळ्यांना बुडबुडे दिसत नाहीत. ब्रश उचलला की उठलेलं टोक घट्ट विरजलेल्या दह्यासारखं हळूच वाकतं. टोक ताठ उभं राहत असेल तर अजून अर्धा चमचा पाणी मागतोय. लगेच बसत असेल तर पाणी जास्त झालं.

तपासणी: चिमूटभर फेस मनगटाच्या आतल्या बाजूला लावा आणि दोन मिनिटं थांबा. जागच्या जागी ओला राहिला तर उत्तम. वर कोरडी पापडी धरली तर पाणी कमी आहे. भोकं पडून कातडी दिसू लागली तर साबण कमी आहे.

इशारा: पातळ झालेला फेस जास्त घुसळून दाट होत नाही, त्यात फक्त हवा भरते. दिसायला भरपूर, रेझरखाली पोकळ. अशा वेळी ब्रश पुन्हा दहा सेकंद वडीवर न्या.

टप्पा 8: चेहऱ्यावर

चेहरा ओला असू द्या. ब्रशाच्या टोकांनी गालापासून सुरुवात करा, लहान गोल फेऱ्यांनी खुंट उभे करत हनुवटीकडे आणि गळ्याकडे या. अर्धा-पाऊण मिनिट हे केलं की पुढे नुसते रंगाऱ्याचे फटकारे, वर-खाली. त्याने फेस सपाट आणि एकसारखा बसतो.

मोठ्या दाट ब्रशातून फेस बाहेर येत नसेल तर दाब वाढवू नका. अंगठा आणि तर्जनीने केस मुळाशी धरा, हलकेच आवळा आणि बोटं टोकांकडे सरकवा. आतला फेस टोकांवर येतो.

इशारा: ब्रश चेहऱ्यावर सरळ दाबून, केस चहूबाजूंनी पसरवून गरगर फिरवणं ही चांगले ब्रश मारून टाकणारी सवय आहे. मधल्या केसांना मुळाशी पीळ बसतो, ते तुटू लागतात आणि काही महिन्यांत झुपक्याच्या मधोमध खड्डा पडतो. तो भरून येत नाही. केस उंचीच्या निम्म्यापलीकडे कधीच वाकू देऊ नका.

नाकाखालची जागा मोठ्या ब्रशाला अवघड जाते. टोकं समोरून नेली तर फेस नाकपुडीत जातो. झुपका दोन बोटांत दाबून चपटा करा आणि त्याच्या कडेने आडवे फटकारे घ्या, वरचा ओठ दातांवर ताणून. कानाजवळही असंच करा.

बाऊल न वापरता थेट चेहऱ्यावरच फेस करणाऱ्यांना एक सल्ला: 28 च्या वरचा दाट ब्रश त्या कामाला फारसा सोयीचा नाही, लहान चेहऱ्यावर तर नाहीच. निदान पहिले काही आठवडे बाऊलमध्ये फेस करा. साबण आणि पाण्याचा अंदाज बसला की हवं तर बाऊल सोडा.

टप्पा 9: दोन हातांच्या मध्ये

रेझरचा पहिला हात झाला की ब्रश बाऊलमध्येच, टोकं फेसात ठेवून उभा करा. पंखा चालू असेल तर बंद करा, वाऱ्याने फेस वरून सुकतो. उलटा हात (केसांच्या वाढीच्या उलट दिशेने) घेण्याआधी चेहरा ओला करा, ब्रश बाऊलमध्ये चार-पाच वेळा फिरवा, गरज वाटली तर पाण्याचे दोन-तीन थेंब द्या आणि मग लावा. नीट साबण चढलेल्या 28 च्या ब्रशात तीन हातांपुरता फेस सहज असतो. दाढी संपल्यावर ब्रश पिळल्यानंतर ओंजळभर दाट फेस उरत असेल तर पुढच्या वेळी साबण थोडा कमी करा. काहीच उरत नसेल तर वाढवा.

टप्पा 10: धुणं आणि वाळवणं

लहान ब्रश नळाखाली धरला की धुऊन निघतो. मोठ्याचं तसं नाही. मगात स्वच्छ कोमट पाणी घ्या, ब्रश बुडवा, मुळाशी आवळा, सोडा, पाणी बदला. पाणी निवळ राहीपर्यंत हे करा. मुळाशी राहिलेला साबण वाळून कडक होतो, केस तिथेच तुटतात. जड पाणी असेल तर शेवटचा एक मग आरओच्या पाण्याचा.

पिळताना पीळ देऊ नका, फक्त आवळा. मग जोरात झटका आणि पंच्यावर केसांची कड इकडून तिकडे पुसा. टोकं बोटांनी फुलवा. स्टँडला उलटा टांगा किंवा मुठीवर उभा ठेवा, दोन्ही चालतं. महत्त्वाची आहे हवा. बाथरूममध्ये, बंद कपाटात किंवा प्रवासाच्या डबीत ओला ब्रश ठेवू नका. हेअर ड्रायर आणि कडक ऊनही नको.

दाट 28 चा गाभा वाळायला पूर्ण दिवस लागतो, कधी जास्त. रोज दाढी करणाऱ्यांनी म्हणूनच दुसरा ब्रश आलटून पालटून वापरावा.

तपासणी: दुसऱ्या दिवशी केसांचा मुळाजवळचा भाग बोटांनी उघडून वरच्या ओठाला टेकवा. गार लागला तर अजून ओल आहे.

कोकणात आणि मुंबईत जून ते सप्टेंबर ही ओल सहजासहजी जात नाही. त्या महिन्यांत ब्रश बाथरूममधून बाहेर काढून पंख्याच्या वाऱ्यात ठेवा आणि एक दिवसाआड वापरा. कुबट वास यायला लागला तर शाम्पूने धुऊन दोन दिवस पूर्ण वाळवा.

महिन्या-दोन महिन्यांनी, जड पाण्याच्या घरात थोडं आधी, एक भाग पांढरं व्हिनेगर आणि दहा भाग कोमट पाणी यांत केस पाच मिनिटं बुडवा आणि भरपूर पाण्याने धुवा. मुळाशी बसलेला राखट साका सुटतो आणि केस पुन्हा मोकळे होतात. पडून असलेल्या ब्रशाला कसर लागते, लोकरीला लागते तशीच, कारण दोन्ही प्राण्यांचे केस. म्हणून न वापरता ठेवायचा असेल तर पूर्ण वाळवून घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा आणि अधूनमधून उघडून पाहा.

किती दिवसांनी मत बनवायचं

दहा-बारा दाढ्या होईपर्यंत ब्रशाला नावं ठेवू नका. तोवर केस मोकळे होतात, वास जातो, गळणं थांबतं. त्यानंतरही रोज दोन-चार केस निघत असतील, किंवा एकाच जागचे केस निघून फट दिसू लागली, तर दोष झुपक्याचा आहे, विक्रेत्याला फोटो पाठवा. टोकं ओली असताना थोडी चिकटून आकड्यासारखी वळत असतील तर घाबरू नका, काही मऊ बॅजर केस तसेच असतात आणि वाळले की सरळ होतात.

फेस उत्तम होतोय, पण ब्रश हातात जड वाटतो किंवा नाकाखाली त्रास देतो, असं असेल तर तुमच्या चेहऱ्याला हे माप मोठं आहे. 24 चा नॉट आणि 50 चा लॉफ्ट घ्या, आणि साबण चढवायचा वेळ त्या मानाने कमी करा.